मोठ्या नळीवरची धाकटी नळी

"पोरांसाठी दुर्बीण आणली, पण चंद्राखेरीज काही सापडतच नाही." ही तक्रार नेहमीची. मग दुर्बीण माळ्यावर जाते आणि ऊसबिलातून काढलेले पैसे धूळ खात पडतात. दोष बहुधा दुर्बिणीचा नसतो. तिच्या पाठीवर जी वीतभर नळी बसवलेली असते, तिच्याकडे कुणी पाहिलेलेच नसते. तिला फाइंडर म्हणतात. आपण शोधक म्हणू.

हिशेब साधा आहे. दुर्बीण ७०० मिलिमीटरची आणि नेत्रभिंग २५ मिलिमीटरचे असेल, तर वस्तू २८ पट मोठी दिसते. पण आकाश दिसते किती? जेमतेम साडेतीन पूर्ण चंद्र शेजारी मावतील एवढे. ६ पटीच्या शोधकात असे १४ चंद्र मावतात. म्हणून आधी शोधकात धरायचे, मग मोठ्या नळीला डोळा लावायचा.

मात्र दोन्ही नळ्या एका रोखात हव्यात. हे काम दिवसा करावे. किलोमीटरभर लांबचे कारखान्याचे धुराडे किंवा देवळाचा कळस मोठ्या नळीत मधोमध आणावा, आणि शोधकाचे स्क्रू फिरवून त्याची फुलीही तिथेच आणावी. जवळचे झाड धरू नये. नळ्यांमधले चार बोटांचे अंतर तिथे फसवते. रात्री पुन्हा ध्रुवावर तपासावे. इतर तारे सरकत राहतात, ध्रुव जवळजवळ जागचा हलत नाही. कोल्हापुरातून तो उत्तरेला सतराएक अंशांवरच असतो, त्यामुळे मानही मोडत नाही.

सूर्याकडे मात्र ही धाकटी नळीदेखील चुकून वळवू नये. क्षणात दृष्टी जाईल. दिवसा दुर्बीण अंगणात असली तर शोधकावर झाकण हवेच, आणि पोरांजवळ मोठे माणूस हवे.

आता मानेचे. सरळ शोधकातून माथ्यावरचा तारा पाहायचा म्हणजे जमिनीवर लोळण घेणे आले! त्यापेक्षा तारा कललेला असताना गाठावा. बसायला पाट किंवा घोंगडे घ्यावे, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवावेत. एक शोधकात, दुसरा मोकळ्या आकाशात. तारा आणि फुली आपोआप एकावर एक येतात. चित्र उलटे दिसते, त्याने गडबडू नये. काटकोनी शोधक मिळाला तर मान वाचते, पण ही दोन डोळ्यांची युक्ती त्यात चालत नाही.

डिसेंबरच्या मध्यात रात्री आठच्या सुमारास मृग पूर्वेला बेताच्या उंचीवर येतो. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला बारीक ताऱ्यांची एक ओळ आहे. तिच्यातला मधला धूसर ठिपका फुलीवर आणा आणि मोठ्या नळीत पाहा. तो एकटा तारा नव्हे. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा वायूचा ढग आहे, आणि त्यात आजही नवे तारे जन्मत आहेत.