फसलेले छायाचित्र

पाळीव प्राण्यांचे समूहचित्र काढताना सर्वांनी एकाच क्षणी आपल्याकडे पाहावे, हा हट्ट आपला असतो, त्यांचा नव्हे. अमेरिकी छायाचित्रकार विल्यम वेगमन यांची वायमारानर कुत्री पोलरॉइडच्या २० बाय २४ इंची अवजड कॅमेऱ्यापुढे निश्चल बसत, हे खरे. परंतु १९७० साली आणलेल्या मॅन रेपासून अशी कुत्री वेगमन यांच्या घरात नि कामात सारखीच वावरत आली. आपण मात्र सणासुदीला कॅमेरा बाहेर काढतो आणि शिस्तीची अपेक्षा धरतो.

आमच्या घरी एक म्हातारा कुत्रा आणि दोन मांजरी होत्या. डोळे चमकू नयेत म्हणून आम्ही फ्लॅश बंद केला, त्यांच्या नजरेच्या पातळीवर यावे म्हणून खिडकीपाशी पालथे पडलो, तिघेही स्पष्ट यावेत म्हणून भिंगाचे छिद्र लहान ठेवले. हाती काय आले? कुत्रा स्वयंपाकघराकडे पाहतो आहे, एक मांजर पंजा चाटते आहे, दुसरीची तर केवळ पाठ दिसते आहे. अखेर तिघांची स्वतंत्र छायाचित्रे संगणकावर जोडली. तिन्ही चेहरे आमच्याकडे वळलेले होते. पण कोणीच कोणाच्या शेजारी नव्हते.

गेल्या पावसाळ्यात कुत्रा गेला. भिंतीवर आता ते फसलेले छायाचित्र आहे. त्यात ती पाठमोरी मांजर त्याच्या कुशीला टेकून बसली आहे. जोडचित्रात नेमके तेच नाही. फसलेली छायाचित्रे पुसून टाकण्याची घाई वाचकांनी करू नये, एवढेच आमचे म्हणणे.