घरसंसार : भिंतीआडची टाकी

उरुसाला पाहुणे येणार म्हटले की कागलात घरोघरी डागडुजी निघते. आम्ही गेल्या वर्षी दादींच्या गुडघ्यांसाठी भिंतीला टांगलेला कमोड बसवला. टाकी भिंतीत, बाहेर फक्त दोन बटणांची प्लेट. खाली फरशी मोकळी, एकदा फडके फिरवले की स्वच्छ.

चार महिन्यांत मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. दादी तिथेच नमाज पढतात. मिस्त्रीने "पाइप फुटला" म्हणत सहा टाइल्स फोडल्या, हाती काही लागले नाही. दुसऱ्या प्लंबरने आधी प्लेट काढून पाहिले, तर टाकीभोवती कोरडे होते. ओल फ्लश केल्यावरच वाढत होती. त्याने दोन नट सोडून कमोड उतरवला. फ्लशच्या नळीची रबरी रिंग वाकडी बसली होती. ती बदलली आणि तासाभरात काम संपले. पण तोवर आठ दिवस दादी शेजारी जात होत्या आणि त्यासाठी पाणी पिणेच कमी करत होत्या, हे आम्हाला उशिरा कळले. टाइल्सच्या खर्चापेक्षा तेच जास्त लागले.

म्हणून भिंत बंद होण्याआधी एवढे पाहा.

दिशा : चौकट एकदा भिंतीत गेली की कमोड फिरवता येत नाही. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. तोंड किंवा पाठ तिकडे नको असेल, तर कमोड उत्तर किंवा दक्षिण भिंतीला घ्यावा.

भार : चांगल्या चौकटी ४०० किलो भाराला तपासलेल्या असतात, पण त्या स्लॅबमध्ये नीट बोल्ट केल्या तरच. नुसत्या चार इंची विटांच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका.

उंची : घरातल्या वडीलधाऱ्यांना खुर्चीवर बसवून, पाय जमिनीला टेकतील असे माप घ्या. ते टाइल्स बसल्यानंतरच्या फरशीपासून धरा.

चाचणी : टाकी भरून एक रात्र ठेवा. तात्पुरता कमोड जोडून दहा वेळा फ्लश करा, सांधे कोरडे आहेत का पाहा. मग टेप लावून पाइपांचे फोटो काढून ठेवा.

१९६४ मध्ये स्वित्झर्लंडच्या गेबेरिट कंपनीने भिंतीआडची टाकी आणली. आजही कॉक, फ्लोट, वॉशर हे सगळे प्लेटमागच्या खिडकीतून निघते. त्यासाठी टाइल फोडावी लागत नाही. ही प्लेट सिमेंटने किंवा सिलिकॉनने बंद करू देऊ नका.

बोअरच्या पाण्याचा क्षार साचतो. सहा महिन्यांनी पाणी बंद करून जाळी धुवा, वॉशर व्हिनेगरमध्ये भिजवा. टाकीत रंगीत गोळ्या टाकू नका, रबर खराब होते. अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, विषारी वायू होतो.

रात्री कमोडची आतली भिंत कोरडी करून तिला टिश्यू चिकटवा. सकाळी तो ओला दिसला, तर टाकी गळते आहे. मोठ्या बटणाला साधारण ६ लिटर, लहानाला ३ लिटर पाणी जाते. दिवसाला २० वेळा लहान बटण दाबले, तर ६० लिटर वाचतात. वुजूच्या पाण्यातही इस्राफ नको म्हणणाऱ्या घरात हा हिशेब मुलांना एकदा समजावून सांगावा.

आणि दुरुस्ती निघालीच, तर आधी विचारा: घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तेवढ्या दिवसांची सोय काय?