‘नॅनो’ घातलं की झालं?

पाऊस सुरू झाला की आपला मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत जातो. पण बाइकच्या कंट्रोल युनिटमधल्या किंवा कोकणातल्या एखाद्या घरी बसवलेल्या सोलर इन्व्हर्टरमधल्या सर्किट बोर्डाला पिशवी कोण घालणार? अशा बऱ्याच बोर्डांवर पॉलिमरचा एक पातळ थर दिलेला असतो, साधारण केसाच्या जाडीचा. त्यातला एक प्रकार प्रकाशाने कडक होतो. डेंटिस्ट दाढेत मसाला भरून वर निळा दिवा धरतो आणि काही सेकंदांत तो दगडासारखा होतो ना, तेच तंत्र! भट्टी नको, तासन् तास वाट बघणं नको.

आता यात ‘नॅनो’ची एन्ट्री झालीय. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. इतके बारीक कण पॉलिमरमध्ये मिसळले की त्याचे विजेचे गुणधर्म बदलतात. पण कसे बदलतात, हे कण कोणते आणि किती, यावर ठरतं. घोळ होतो तो इथेच.

सिलिकाचे कण नीट पसरले, तर थर वीज अडवण्यात आणखी पक्का होऊ शकतो. कार्बन नॅनोट्यूबचं काम बरोबर उलटं. खच्चून भरलेल्या एसटीत मागच्या माणसाचे तिकिटाचे पैसे हातोहात कंडक्टरपर्यंत पोचतात. गाडी रिकामी असेल तर हाताला हात पोचत नाही. नॅनोट्यूबचंही तसंच. ठरावीक प्रमाणापर्यंत काही घडत नाही आणि मग अचानक साखळी जुळून वीज वाहू लागते. कधी कधी त्यासाठी एक टक्क्याहूनही कमी नॅनोट्यूब पुरतात. बाहेरच्या लहरी अडवायला असा वाहक थर कामाचा, पण तो थेट सर्किटवर लावलात तर शॉर्टसर्किट ठरलेलं. आधी इन्सुलेशनचा थर हवाच.

शिवाय, कार्बन काळा. जो प्रकाश थर कडक करणार, तोच तो गिळून टाकतो. वरून टणक दिसणारा थर आतून कच्चा राहू शकतो. चिपच्या खाली, सावलीत तर प्रकाश पोचतच नाही. आणि सिलिकाच्या कणांवर योग्य प्रक्रिया केली नसेल, तर ते हवेतला ओलावा धरून ठेवतात. म्हणजे ज्याच्यापासून वाचवायचं, त्यालाच घरात घेतल्यासारखं!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे फायनल इयरचे प्रोजेक्ट. शीर्षकात ‘ग्राफीन’ किंवा ‘नॅनो’ आलं की निम्मी लढाई जिंकली, असा समज कॉलेजांत पक्का बसलाय. नमुना बनतो, जानेवारीच्या कोरड्या हवेत एकदा मोजला जातो, ग्राफ चढता दिसतो, ब्लॅक बुक बाइंड होतं. जुलैच्या हवेत त्या थराचं काय होईल, हे कुणी विचारत नाही. आणि एखाद्या ग्रुपने प्रामाणिकपणे ‘कण वाढवले तर थर बिघडला’ असं लिहिलं, तर ‘रिझल्ट आला नाही’ म्हणून मार्क कापले जाण्याची धास्ती!

ही पद्धत बदलायला हवी. त्यासाठी कोटींची लॅब लागत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात मीठ विरघळायचं थांबेल इतकं खारट पाणी ठेवा. आत सुमारे ७५ टक्के आर्द्रता टिकून राहते. त्यात नमुना पाण्याला न लागता आठवडाभर ठेवा आणि पुन्हा मोजा. धारिता आणि गळती बघायला एलसीआर मीटर, इन्सुलेशनला मेगर; इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये ही उपकरणं बहुधा असतातच. सोबत नॅनोकण न घातलेला साधा नमुनाही ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि हो, कच्चं रेझिन हाताळताना ग्लोव्हज आणि यूव्ही दिव्यासमोर गॉगल विसरू नका.

परीक्षक सरांना आणि मॅडमना एवढीच विनंती, की व्हायवात ‘नवीन काय केलंत?’ याच्या आधी ‘ओल्या हवेत मोजलंत का?’ असं विचारा. आणि ‘मोजलं, पण थर फेल गेला’ असं उत्तर आलं, तर त्या मुलांना पूर्ण मार्क द्या. उद्या खरे बोर्ड हीच मुलं बनवणार आहेत.