‘गॉडी नाइट’मधला न झालेला खून

डोरोथी सेयर्स (१८९३–१९५७) यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे करण्याची जुनी रीत आहे. एका तुकड्यात लॉर्ड पीटर विम्झीच्या हेरकथा, दुसऱ्यात रेडिओवरची ख्रिस्तचरित्राची नाट्यमालिका आणि दान्तेचे भाषांतर. पहिले पोटासाठी, दुसरे आत्म्यासाठी, असे म्हणून चरित्रकार मोकळे होतात. ही वाटणी आम्हांला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘गॉडी नाइट’ ही कादंबरी आहे.

या जाडजूड हेरकादंबरीत एकही खून होत नाही. ऑक्सफर्डमधल्या श्रूझबरी नावाच्या काल्पनिक स्त्री-महाविद्यालयात निनावी पत्रे येऊ लागतात, एका प्राध्यापिकेच्या ग्रंथाची मुद्रिते विद्रूप केली जातात, रात्री-अपरात्री नासधूस होते. छडा लावण्यासाठी हॅरिएट व्हेन या माजी विद्यार्थिनीला बोलावणे जाते. ती स्वतः हेरकथा लिहिणारी, आणि प्रियकराच्या खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटलेली. संशय येतो तो प्राध्यापिकांवर. अविवाहित, पुस्तकांत बुडालेल्या बायका एका छपराखाली राहिल्या की त्यांतल्या एखादीचे डोके फिरणारच, हा त्या काळी सर्रास आढळणारा समज. हॅरिएटचा तोल त्याच समजाने जातो, आणि वाचकाचाही. हेरकथेत लेखक वाचकाला चुकीच्या वाटेने नेतो ते सहसा एखाद्या घड्याळाने, पावलांच्या ठशांनी किंवा खोट्या साक्षीने. येथे ते काम वाचकाच्या पूर्वग्रहाकडून करवून घेतले आहे. आमच्या मते या प्रकारच्या लेखनात एवढी धारदार युक्ती विरळा.

(ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी येथे थांबून ती मिळवावी, हे उत्तम. पुढे उलगडा येतो.)

एका संशोधकाच्या हाती आपल्या सिद्धान्ताला छेद देणारे एक पत्र लागते. तो ते दडवतो आणि प्रबंध सादर करतो. परीक्षक असलेल्या मिस डी व्हाइन यांना ती लबाडी कळते. त्याची पदवी जाते, नोकरी जाते, तो दारूच्या आहारी जातो आणि अखेर स्वतःवर गोळी झाडून घेतो. त्याची विधवा अ‍ॅनी दोन मुलींना घेऊन त्याच महाविद्यालयात मोलकरणीचे काम करते आहे, जेथे आता मिस डी व्हाइन आल्या आहेत. पुरावा दडवणाऱ्याला बायकापोरांसाठी माफ करावे काय, यावर प्राध्यापिका जेवणानंतर वाद घालतात. घाईचा वाचक ती पाने चाळून पुढे जातो, आणि गुन्ह्याचा हेतू नेमका त्या पानांत आहे. चर्चा काढून टाकली तर कोडेच उरत नाही.

क्यू. डी. लीविस यांनी डिसेंबर १९३७ च्या ‘स्क्रूटिनी’त सेयर्सबाईंवर जो प्रहार केला, त्यात हे ध्यानात घेतलेले दिसत नाही. त्यांना ही विद्वत्तेचा आव आणणारी करमणूक वाटली, आणि विद्यापीठाचे चित्र भाबडे वाटले. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. ज्ञानसाधनेचे निर्मळ बेट म्हणून रंगवलेले ते ऑक्सफर्ड विद्यापीठात नोकरी केलेल्या कोणालाही हसू आणील. लीविसबाईंना स्वतःला केंब्रिज विद्यापीठाने कायमचे पद कधीच दिले नाही. त्यांच्या कडवटपणाला आधार होता. पण सेयर्सबाईंच्या भाबडेपणालाही इतिहास आहे. सॉमरव्हिल महाविद्यालयातून त्या १९१५ साली प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्या. पदवी हाती आली १९२० साली, कारण तोवर ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते. जे इतक्या उशिरा मिळते त्याची थोडी पूजा होणारच.

पुढे १९२२ पासून सुमारे नऊ वर्षे त्यांनी लंडनच्या बेन्सन या जाहिरात कंपनीत मजकूर लिहिला. ‘मर्डर मस्ट अ‍ॅडव्हर्टाइझ’ (१९३३) त्यातूनच आली. हेरकथा उच्च वाङ्मयाच्या पायरीला पोहोचू शकत नाही, आणि प्रेमप्रकरणाने ती बहुधा बिघडते, असे त्यांनीच १९२८ च्या आपल्या संकलनाच्या प्रस्तावनेत मांडले होते. सात वर्षांनी ‘गॉडी नाइट’मध्ये त्यांनी दोन्ही मते मोडून दाखवली. हाती घेतलेले काम, मग ते मोहरीची जाहिरात असो की दान्तेची त्रिपदी, लबाडी न करता करायचे, हा त्यांचा एकच विषय होता. म्हणून ते दोन तुकडे आम्हांला दिसत नाहीत.

आमची खरी अडचण अ‍ॅनीपाशी आहे. उलगड्याच्या वेळी ती प्राध्यापिकांना सुनावते की एका कागदाच्या तुकड्यासाठी तुम्ही माणूस मारलात, आणि ज्या नोकरीवर एखाद्या पुरुषाचे घर चालले असते ती अडवून बसला आहात. कादंबरीतले सर्वांत जळजळीत भाषण एका मोलकरणीच्या तोंडी घालण्याचे धैर्य लेखिकेने दाखवले. पण त्याला उत्तर दिले जात नाही. अ‍ॅनीला वैद्यकीय देखरेखीकडे सोपवून कथा विम्झी आणि हॅरिएट यांच्या मीलनाकडे वळते. खानदानी सरदारपुत्राशी पाच वर्षे तोलूनमापून वाद घालता येतो. झाडलोट करणाऱ्या बाईशी नाही. वर्गात ही कादंबरी शिकवायची झाली तर प्रश्न येथून सुरू करावेत.

सेयर्सबाईंना हे उत्तर सोपे नव्हते, एवढे मात्र म्हणता येईल. जानेवारी १९२४ मध्ये, बेन्सनमधल्या नोकरीतून थोडी रजा काढून, त्यांनी विवाहाबाहेर एका मुलाला जन्म दिला होता. आयव्ही श्रिम्प्टन या मावस बहिणीने त्याला वाढवले, खर्च सेयर्सबाई पाठवीत राहिल्या, आणि आईवडिलांना हे अखेरपर्यंत कळले नाही. सामान्य वाचकांना ते समजले जॅनेट हिचमन यांच्या १९७५ च्या चरित्रातून. ‘गॉडी नाइट’ प्रसिद्ध झाली तेव्हा तो मुलगा अकरा वर्षांचा होता.