काळजातले लोह

कुर्ला आणि शीव ही मध्य रेल्वेची लागोपाठची स्टेशने. आमच्या कुर्ल्यातून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जाणाऱ्यांत थॅलेसेमियाची मुलेही असतात. दर दोन-चार आठवड्यांनी त्यांना रक्त चढवावे लागते, तेही जन्मभर. रक्त मिळाले की आईबापांना हायसे वाटते. पण त्याच रक्तातून लोहही येते, हे घराघरांत पुरेसे पोचलेले नाही.

एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात शिरते. शरीर बाहेर टाकते ते दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम. उरलेले यकृतात, ग्रंथींत आणि पुढे हृदयात साठते. या आजारात मृत्यू ओढवत आला, तो बहुतेक वेळा हृदय थकल्यामुळेच.

लोह बाहेर काढणारी औषधे आहेत; पण ती किती द्यायची? रक्तातले फेरिटिन तपासतात, मात्र हृदयात किती लोह साठले हे त्यावरून खात्रीने कळत नाही. ते कळते एमआरआयने. चुंबकाच्या प्रभावाखाली शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला रेडिओलहरींचा धक्का दिला की त्याच्याकडून संदेश येतो आणि विरत जातो. जवळ लोह साठलेले असेल तर तो लवकर विरतो. या काळाला 'टी-टू-स्टार' म्हणतात. लंडनच्या डॉक्टरांनी २००१ साली हे मोजमाप हृदयासाठी मांडले. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्रावर हा काळ २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त असावा. १० च्या खाली गेला तर धोका मोठा.

मुंबईला ही विद्या परकी नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि परळची कर्करोग संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच कर्करोगाच्या पेशींवर याच जातीची मोजमापे केली होती.

माझे म्हणणे एवढेच, की जिथे मुलाला रक्त मिळते, तिथूनच वर्षातून एकदा हे मोजमापही बिनखर्चाने मिळावे. यंत्रांपुढे आधीच रांगा आहेत, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे. पण या मोजमापाला सुई लागत नाही; थोडी मिनिटे पडून राहायचे आणि सांगितल्यावर काही सेकंद श्वास रोखायचा. दहाएक वर्षांच्या मुलाला ते सहज जमते. औषध अंदाजाने देत राहून पुढे हृदयाचे उपचार करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आपली गणेशमंडळे हौसेने रक्तदान शिबिरे भरवतात. त्यांनी एखाद्या मुलाच्या या तपासणीचा भारही उचलावा. रक्त देणे हे पुण्य खरेच. दिलेल्या रक्तातले लोह त्या मुलाच्या काळजात साठू न देणे, हे त्याच पुण्याचे उरलेले अर्धे काम आहे.