मांडणीचें तेलपाणी

घरीं हातानें केलेल्या सागवानी मांडणीला एकदां तेल दिलें कीं काम संपलें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तेलाचा हात अधूनमधून नव्यानें द्यावा लागतो. फळीवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा न राहतां जिरूं लागला, म्हणजे ती वेळ आली असें समजावें.

तेल जवसाचेंच घ्यावें. तें हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल तसें वाळत नाहीं. तें चिकट राहून खवट होतें व पुस्तकांना डाग पाडतें.

प्रथम फळी कोरड्या फडक्यानें पुसावी. डाग वा ओरखडा असेल तेथें बारीक काचकागद लाकडाच्या रेषांच्या दिशेनें फिरवावा. मग तेलाचा पातळ हात देऊन १५-२० मिनिटांनीं न मुरलेलें सारें तेल पुसून काढावें. पूर्ण वाळल्यावांचून पुस्तकें मांडूं नयेत.

आतां मुख्य सूचना. तेलाचीं फडकीं बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. वाळतांना हें तेल उष्णता सोडतें. बोळ्यांत ती कोंडते आणि ठिणगीवांचूनही फडकें पेट घेऊं शकतें. तीं एकेक सुटीं पसरून घराबाहेर वाळवावीं.

मुलांना या कामांत अवश्य घ्यावें. फडकीं मात्र वडीलधाऱ्यांनीं स्वतः मोजून बाहेर वाळत घालावीं आणि मगच घर निजावें.