पावसांतला डोंगर आणि मनाईचा हुकूम

ज्येष्ठ सरून आषाढाचा पाऊस सह्याद्रीवर कोसळूं लागला, कीं आमच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांतून एक हुकूम बाहेर पडावयाचा, हा आतां जवळजवळ ऋतुधर्मच होऊन बसला आहे. अमुक धबधबा, अमुक गड, अमुक घाट येथें जाण्यास मनाई. हुकूम मोडील तो शिक्षेस पात्र. पूर्वीं ह्या हुकुमाच्या माथ्यावर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाचा आंकडा असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाचा असतो. आंकडा बदलला, बुद्धि बदलली नाहीं. ज्या कलमाची आठवण लोकांस एरवीं दंगलीच्या दिवसांत व्हावयाची, तें आतां ढगांवर आणि कड्यांवर चालविण्यांत येत आहे. कायद्याप्रमाणें अशा हुकुमाचें आयुष्य दोन महिन्यांचें, आणि पावसाळा चार महिन्यांचा. तेव्हां उरलेले दोन महिने डोंगर सुरक्षित असतो असें समजावयाचें कीं काय, हें हुकूम काढणारांसच ठाऊक.

हुकूम काढणारांचा हेतु वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत एका कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. तीं एकमेकांस धरून प्रवाहाच्या मध्यभागीं उभीं असतांना हजारों लोकांनीं आपापल्या मोबाईलवर पाहिलीं. १५ जून २०२५ रोजीं कुंडमळा येथें इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानें कोसळला व चार जीव गेले. असें कांहीं घडलें म्हणजे अधिकाऱ्यानें हातावर हात ठेवून बसावें असें कोण म्हणेल? परंतु वाचकहो, ह्या दोन्ही ठिकाणीं डोंगर कोठें होता? एके ठिकाणीं मोटारीपासून हांकेच्या अंतरावरचा धबधबा होता, दुसऱ्या ठिकाणीं जीर्ण पूल होता, आणि दोन्ही ठिकाणीं पाण्याची जात न ओळखणारी माणसें होतीं. पूल पडला म्हणून गडाची वाट बंद करणें, हें विहिरींत कोणी बुडाला म्हणून गांवांतले जिने पाडण्यासारखें आहे.

डोंगरावर अपघात होत नाहींत असा आमचा दावा नाहीं. होतात; आणि म्हणूनच ते कसे होतात हें नीट पाहिलें पाहिजे. उदाहरणादाखल कळसूबाई घ्या. हें महाराष्ट्रांतलें सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पायथ्याचें बारी गांव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांत अकोले तालुक्यांत आहे. बारीपासून माथ्यापर्यंत चढ सुमारें साडेआठशे ते नऊशे मीटरांचा; मधल्या कातळांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या; माथ्यावर देवीचें लहानसें देऊळ. हिवाळ्यांत हा रस्ता दमवील, पण भिववणार नाहीं. आषाढांतल्या ढगाळ दिवशीं मात्र तोच रस्ता दुसरा होतो. ढग गांवावर इतका खालीं उतरतो कीं अर्ध्या वाटेनंतर दहा पावलांपुढचा सोबती सांवलीसारखा दिसूं लागतो. तांबड्या चिखलांत टाच ठरत नाहीं. कातळावर हिरवें शेवाळ धरतें, आणि काळ्या ओल्या दगडापेक्षां हिरवा दगड अधिक दगा देतो हें पहिल्या आपटीनंतर कळतें. चढतांना हें सारें सोसतें. उतरतांना मांड्या थरथरत असतात, शिडीच्या भिजलेल्या दांड्यावरून बूट सरकत असतो, आणि दृष्टि पायांखालच्या धुक्यांत थांग शोधीत असते. डोंगराची खरी परीक्षा उतरणीवर होते, ही गोष्ट जाहिरात करणारे व मनाई करणारे असे दोघेही सारखेच विसरतात.

त्यांत थंडी. आपल्या उष्ण देशांत, तेंही पावसाळ्यांत, थंडीनें माणूस दगावेल हें सुशिक्षितांसही खरें वाटत नाहीं. हवेची उष्णता हजार मीटरांस सुमारें सहा अंशांनीं उतरते. म्हणजे बारीपेक्षां माथ्यावर पांच अंशांची उतार. कोरड्या माणसास एवढा गारवा सुखाचाच. परंतु सुती कपडे भिजून अंगास चिकटलेले, पश्चिमेचा वारा त्यांतून आरपार जाणारा, आणि पोटांत सकाळच्या चहाशिवाय कांहीं नाहीं, अशा देहाची ऊब किती झपाट्यानें जाते हें ज्यानें पाहिलें आहे तोच जाणे. प्रथम हात कांपतात, मग जीभ अडखळते, मग विचार मंदावतो. आणि ज्याचा विचारच मंदावला त्यास परत फिरावें हें सुचत नाहीं. एक लोकरी बंडी व कोरडा सदरा पिशवीच्या तळाशीं असला तर हा प्रसंग टळतो. एवढी साधी गोष्ट कोणत्याही हुकुमांत लिहिलेली आम्हीं वाचली नाहीं.

आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे ओढा. सह्याद्रीचे उतार उभे. त्यांवर पडलेलें पाणी मुरण्याआधींच धांवूं लागतें. सकाळीं घोटाभर पाण्यांतून हंसत ओलांडलेला ओढा संध्याकाळीं कमरेएवढा होतो, आणि त्यासाठीं तुमच्या डोक्यावर पाऊस पडावयास हवा असेंही नाहीं; दोन कोस वर पडला तरी पुरतो. त्याच्या खुणा असतात. नितळ पाणी गढूळ होतें; काटक्या व पाला वाहून येऊं लागतो; आवाजांत एक घोगरेपणा येतो. डोंगरांतल्या पोरासोरांस ह्या खुणा ठाऊक असतात. आमच्या महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या पदवीधरास ठाऊक नसतात, हें आम्ही शिक्षकाच्या पेशांत तीस वर्षें काढून सांगत आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही आमच्या अकरा विद्यार्थ्यांसह बारीहून वर चढत होतों. वाट दाखविण्यास गांवांतले एक महादेव कोळी गृहस्थ होते. वय साठीच्या घरांत, अंगावर घोंगडीची खोळ, पायांत साध्या रबरी चपला. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहिरीपाशीं ते थांबले. ढगांत कांहींच दिसत नव्हतें. माथा हांकेवर आला होता हें केवळ आम्हांस ठाऊक म्हणून. "गुरुजी," ते म्हणाले, "पाण्याचा आवाज बदलाया लागला. आतां वर गेलों तर खालचा ओढा आपल्यासाठीं थांबायचा न्हाई." आम्ही तेथूनच वळलों. मुलें हिरमुसलीं, एकानें तर शिडीकडे बोट दाखवून अवघ्या वीस मिनिटांचा हिशेब मांडला. हिशेब बरोबरच होता. फक्त त्यांत ओढा धरलेला नव्हता. आम्ही गांवाशेजारचा ओढा ओलांडला त्यानंतर अर्ध्या तासांत त्याचें पाणी तांबडें होऊन काठावर आलें. त्या गृहस्थांच्या ओसरीवर भाकरी व पिठलें खात मुलें तें पाहत बसलीं होतीं, आणि वीस मिनिटांचा हिशेब मांडणारा मुलगा सर्वांत अधिक वेळ पाहत होता. आम्हीं त्याला वर्गांत वर्षभर जें शिकविलें त्यांत असा एकही धडा नव्हता.

ह्यावर एक ठरीव प्रश्न येतो. ढगांत जर कांहीं दिसावयाचें नाहीं तर जावयाचें कशास? निरभ्र दिवशीं कळसूबाईवरून अलंग, मदन, कुलंग, रतनगड, भंडारदऱ्याचें पाणी, असा सारा मुलूख दिसतो. तो टाकून पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसण्यांत काय पुरुषार्थ? प्रश्न विचारणाऱ्याच्या मतें डोंगर म्हणजे सज्जा. दृश्य पाहावयाचें, छायाचित्र घ्यावयाचें, उतरावयाचें. परंतु दृश्य नाहींसें झालें म्हणजेच पायांखालची वाट दिसूं लागते. गवताच्या पात्यावरून कळतें कीं वारा कोठून येतो; कारवीच्या दाटीवरून कळतें कीं उतार कोठें वळला; मागच्या सोबत्याचा श्वास ऐकूं येतो व तो दमला हें त्यानें न सांगतां कळतें. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर धुक्यांत ज्यांनीं कोकणकड्याची कड अजमावली आहे, त्यांस हें समजावून सांगावें लागत नाहीं. तेथें कडा डोळ्यांस दिसत नाहीं. खालून वर येणारा वारा तोंडावर पाणी मारतो, आणि त्यावरून शहाण्या माणसानें तेथेंच थांबावयाचें असतें.

आतां दुसऱ्या पक्षाचा समाचार घेणें प्राप्त आहे, कारण मनाईला निमित्त पुरविणारा पक्ष तोच. शुक्रवारच्या रात्रीं पुण्यामुंबईच्या चौकाचौकांतून बसगाड्या सुटतात. एकेकींत चाळीस-पन्नास तरुण, एकमेकांस अनोळखी. त्यांचा म्होरक्या म्हणजे त्यांच्याहून दोन वर्षांनीं मोठा असा एक मुलगा, ज्याचें सामर्थ्य मुख्यतः घोषणांत. माणसीं ठरलेले पैसे, त्यांत पोहे-चहा व एक चित्रफीत. पहांटे गडाखालीं अशा गाड्यांची रांग लागते. २०२३ च्या जुलैंत लोहगडावर अशी दाटी झाली कीं दरवाजांत अडकलेल्या माणसांस पुढें सरकतां येईना व मागें फिरतां येईना. एके काळीं तो दरवाजा शत्रूस अडविण्यासाठीं होता. आतां आम्ही आपणच आपणांस तेथें अडवून घेतों. ह्या जत्रेस गिरिभ्रमण म्हणणें हा त्या शब्दाचा अपमान आहे, आणि त्या मुलांच्या आईबापांस आम्ही विचारतों: आपण मुलासाठीं शिकवणी लावितांना शिक्षकाची पदवी, अनुभव, मागच्या वर्षाचे निकाल, सारें चौकशी करून घेतां, येथें मुलाचा जीव ज्याच्या हातीं देतां त्याचें नांव तरी ठाऊक असतें काय? तो किती माणसांमागें एक आहे? दोर आहे काय? कोणत्या वाजतां, कोठेंही असलों तरी, मागें फिरावयाचें हें त्यानें आधीं सांगितलें आहे काय? ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं नाहींत तर पैसे परत मागण्यास संकोच कसला? महाराष्ट्र शासनानें साहसी उपक्रमांच्या सुरक्षेचे नियम २०१८ सालीं काढले, २०२१ सालीं त्याविषयींचें धोरण ठरविलें. ते कागद आहेत. परंतु गाडी सुटण्यापूर्वीं ते पाहण्यास कोणी मागत नाहीं. आईबापही नाहींत आणि अंमलदारही नाहींत. तें काम कष्टाचें; सरसकट मनाई सोपी.

कोणी पन्हाळ्याचें उदाहरण देईल. १६६० च्या जुलैंत शिवाजीमहाराज भर पावसांत, रात्रीं, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. दरवर्षीं त्या वाटेनें शेंकडों लोक चालतात. उदाहरण योग्य आहे, पण छाती पुढें काढून देण्याचें नव्हे. त्या रात्रीं जे चालले त्यांस वाटेंतली खिंड न खिंड ठाऊक होती. पावसांत चालणें आमच्या लोकांस परकें नाहींच. आळंदीहून निघून दिवेघाट चढून पंढरीस जाणारे लक्षावधि वारकरी ऐन पावसांतच चालतात, आणि सरकार त्यांस अडवीत नाहीं, तर पाणी, औषध व डॉक्टर पुरवितें. कारण दिंडीला क्रम असतो, मुक्काम ठरलेला असतो, मागें राहिलेल्यास विचारणारा कोणी असतो. जेथें शिस्त आहे तेथें सरकारला मनाई आठवत नाहीं. मग डोंगरावर शिस्त आणण्याऐवजीं मनाईच कां आठवावी?

ह्या धोरणाचा एक परिणाम अधिकाऱ्यांच्या ध्यानांत आलेला दिसत नाहीं. दरींत कोणी अडकला, तर पोलिसांचा पहिला फोन कोणास जातो? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांतल्या स्वयंसेवकांस. दुकानदार, कामगार, विद्यार्थी अशा माणसांस. तीं माणसें हातांतलें काम टाकून, रात्रीं, पावसांत, दोर घेऊन दरींत उतरतात. त्यांनीं ही विद्या मिळविली कोठें? ह्याच डोंगरांत, ह्याच पावसांत, ह्याच ढगांत. आज वीस वर्षांचा जो मुलगा तीं शिकूं पाहतो त्यास हुकूम म्हणतो, घरीं बैस. धबधब्याखालीं नाचणारा मात्र हुकूम वाचीतच नाहीं. म्हणजे हुकूम पाळणार कोण? जो मुळांतच सावध आहे तो. आणि पोट मारलें जाणार कोणाचें? बारीसारख्या गांवांत पावसाळ्याचे चार पैसे भाकरीवर व वाटाड्याच्या कामावर मिळवितात त्यांचें. ओढ्याचा आवाज ज्यांस कळतो त्यांचेंच.

११ जुलै २०२५ रोजीं, म्हणजे ऐन पावसाळ्यांत, रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड आदिकरून बारा किल्ल्यांस युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. त्यांतले अकरा महाराष्ट्रांत. त्याबद्दल मोठमोठे फलक लागले. आमचें म्हणणें एवढेंच कीं त्या फलकांच्या शेजारीं दुसरेही कांहीं फलक लागावे. सरसकट बंदीच्या जागीं ठिकाणागणिक हुकूम निघावा. कळसूबाईपुरतें बोलावयाचें तर: सकाळीं अकरानंतर बारीहून कोणी चढूं नये, दहांमागें एक जाणता वाटाड्या, तोही शक्यतों गांवचा, येणाऱ्याचें नांव वहींत लिहून उतरल्यावर तें खोडावें, ठरावीक संख्येपलीकडे त्या दिवशीं वाट बंद, ओढ्याच्या दगडावर तांबडी रेघ, पाणी रेघेस लागलें कीं वरचा वर व खालचा खालीं थांबेल, आणि वाट केव्हां बंद करावयाची हें ठरविण्याचा अधिकार जिल्ह्याच्या ठिकाणच्या कचेरीला नसून गांवच्या समितीला असावा. पुढल्या ज्येष्ठापूर्वीं हें एका गडावर जरी करून पाहिलें, तरी त्याचा निकाल आश्विनापर्यंत वहीवरूनच कळेल.